खांदेरीचे बेट

मुंबईहून मांडव्यास जाणारी बोट बंदराचा आसरा सोडून मोकळ्या पाण्यात आली, म्हणजे तिच्या उजव्या हातास, दूर दक्षिणेकडे, क्षितिजाच्या रेषेवर एक लहानसा काळा ठिपका दिसू लागतो. प्रथम वाटते, एखादे गलबतच नांगर टाकून उभे आहे. परंतु गलबत लाटांवर डोलते. हा ठिपका डोलत नाही. हवा स्वच्छ असली, तर त्या ठिपक्याच्या माथ्यावर एक बारीक उभी रेघही दिसते. तो ठिपका म्हणजे खांदेरीचे बेट आणि ती उभी रेघ म्हणजे त्या बेटावरील दीपगृह होय. रायगड जिल्ह्यातील अलिबाग तालुक्यात थळ नावाचे गाव आहे. त्या गावाच्या किनाऱ्यापासून सुमारे चार किलोमीटर आत समुद्रात हे बेट आहे. मुंबईपासून त्याचे अंतर सुमारे वीस किलोमीटर भरते.

नकाशात पाहिले, तर खांदेरी म्हणजे सुईच्या टोकाएवढी खूण. ह्या बेटावर शेत पिकत नाही, बाजार भरत नाही, सोन्यारुप्याची खाण नाही. असे असूनही ह्या खडकासाठी मराठे, इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी ह्या तीन सत्ता एके काळी हातघाईवर आल्या होत्या. एवढ्याशा खडकात असे काय मोल होते? ह्या प्रश्नाचे उत्तर बेटाच्या मातीत सापडत नाही. ते त्याच्या जागेत सापडते. तेव्हा प्रथम ती जागाच नीट पाहू.

थळचे बंदर ही कोळी लोकांची जुनी वस्ती आहे. किनाऱ्यावर मचवे आणि होड्या ओढून ठेवलेल्या असतात, जाळी पसरलेली असतात आणि काठ्यांच्या उंच मांडणीवर बोंबील वाळत घातलेले असतात. किनाऱ्याच्या मागे नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत आणि त्यांच्या पलीकडे भाताची शेते. येथून समुद्राकडे पाहिले, तर एक नव्हे, दोन बेटे दिसतात. जवळचे, सखल आणि लहान बेट म्हणजे उंदेरी. त्याच्या मागे, खोल पाण्यात, दोन टेकड्यांचे बेट आहे ती खांदेरी. थळचे लोक ही दोन्ही नावे जोडीनेच उच्चारतात. पुढे आपण पाहू, की ह्या जोडनावाच्या बेटांमध्ये ऐंशी वर्षे उभा दावा होता!

होडी थळ सोडून निघाली, की उंदेरीचे काळे तट डाव्या-उजव्या अंगास सरकू लागतात. उंदेरी मागे पडल्यावर पाण्याचा रंग गडद होतो आणि लाटा लांबट होतात. मग खांदेरीच्या दोन टेकड्या स्पष्ट दिसतात. त्यांच्या मधल्या सखल भागाशी होड्या लागण्याचा धक्का आहे. तेथे उतरताना आपली नजर प्रथम तटाकडे जाते. बेटाच्या कडेकडेने दगडी तट बांधलेला असून त्यास जागोजाग बुरूज आहेत. तटाच्या बाहेर, पाण्याच्या काठाशी, ओबडधोबड दगडांचा खच पडलेला आहे. भरतीचे पाणी त्या दगडांवरून रोज जाते-येते. त्यामुळे त्यांवर कालवे आणि शिंपले चिकटून वाढले आहेत. त्यांच्या कडा सुरीसारख्या धारदार असतात. अनवाणी पायाने तेथे उतरू पाहणाऱ्याचे तळपाय रक्तबंबाळ झाल्याशिवाय राहात नाहीत. लाटांचा मारा तटावर पोहोचण्यापूर्वीच ह्या दगडांवर फुटतो आणि शत्रूच्या शिपायांनाही सहजासहजी पाऊल टाकता येत नाही. म्हणजे एका उपायाने समुद्र आणि शत्रू अशा दोघांनाही अडविले आहे.

तटावर काही तोफा अजून पडून आहेत. त्यांतील लोखंडी चाकांच्या गाड्यांवर बसविलेल्या तोफा विशेष पाहण्याजोग्या आहेत. कारण तोफ पुष्कळ ठिकाणी राहते, परंतु तिचा गाडा असा टिकून राहिलेला फार क्वचित आढळतो. बेटावर पाण्याची टाकी आहेत. समुद्रातील किल्ल्यात अन्नापेक्षाही गोड्या पाण्याची किंमत अधिक. चहूकडे अथांग पाणी असूनही त्यातले ओंजळभर पाणी पिता येत नाही, आणि म्हणून पावसाचे पाणी साठविण्याची सोय हा अशा किल्ल्याचा प्राणच होय.

बेटावर वेताळाचे देवस्थान आहे. आसपासच्या गावांतील कोळी लोकांची ह्या वेताळावर श्रद्धा असून ते होड्या घेऊन त्याच्या दर्शनास येतात. वादळात सापडलेल्या माणसाला किनाऱ्याआधी जी भूमी दिसते, तेथील दैवताला त्याने आपला राखणदार मानावे, हे स्वाभाविकच आहे. येथे आणखी एक नवल आहे. एक मोठा दगड असा आहे, की त्यावर दुसऱ्या दगडाने ठोकले असता तांब्यापितळेच्या भांड्यावर ठोकल्यासारखा खणखणीत नाद निघतो. लहान मुलांना हा चमत्कार वाटतो. परंतु हा दगडाच्या घडणीचा गुण आहे. काही खडक अतिशय घट्ट आणि एकजीव असतात व थोड्याच जागी टेकलेले असतात. त्यांना आघात बसला, म्हणजे ते घंटेप्रमाणे कंप पावतात आणि तो कंप आपल्या कानांस नाद म्हणून ऐकू येतो.

आता जागेचे महत्त्व पाहू. खांदेरी हे बेट मुंबई बंदराच्या दक्षिणेकडील वाटेवर आहे. दक्षिणेकडून मुंबईस जाणाऱ्या-येणाऱ्या जहाजांवर येथून सहज नजर ठेवता येते. सतराव्या शतकात मुंबई इंग्रजांच्या ताब्यात होती आणि दक्षिणेस जंजिरा सिद्दीच्या ताब्यात होता. सिद्दीचे आरमार मराठ्यांच्या किनारपट्टीवर हल्ले करी. गावे लुटी, माणसे धरून नेई. पावसाळा आला, की हेच आरमार मुंबईच्या बंदरात आसऱ्यास जाई. किनाऱ्यावरील रयतेला ह्या दुहेरी संकटातून सोडवावयाचे, तर मुंबई आणि जंजिरा ह्यांच्या मध्ये समुद्रातच एक ठाणे हवे, हे शिवाजी महाराजांनी ओळखले. असे ठाणे म्हणून खांदेरीसारखी दुसरी जागा नव्हती.

इसवी सन १६७९ च्या ऑगस्ट महिन्यात, पावसाळा अजून सरला नव्हता अशा वेळी, मायनाक भंडारी हा महाराजांचा आरमारी अधिकारी सुमारे दीडशे माणसे आणि बांधकामाचे सामान घेऊन खांदेरीवर उतरला. ह्या दिवसांत समुद्र खवळलेला असतो; मोठी जहाजे बंदर सोडत नाहीत. शत्रूला जे दिवस अडचणीचे, तेच मराठ्यांनी सोयीचे मानले. बेटावर दगड रचला जाऊ लागला.

ही वार्ता मुंबईस पोहोचताच इंग्रज अस्वस्थ झाले. बेट मुंबईच्या हद्दीतील असल्याचा दावा सांगून त्यांनी मराठ्यांना ते सोडून जाण्यास बजावले. मायनाक भंडारी हलला नाही. तेव्हा इंग्रजांनी गलबते पाठवून बेटाची नाकेबंदी केली. बेटावर दगड, चुना, धान्य, दारूगोळा, काहीही जाऊ द्यावयाचे नाही, असा त्यांचा बेत होता. सप्टेंबर महिन्यात थॉर्प नावाच्या एका इंग्रज अधिकाऱ्याने काही सैनिकांसह बेटावर उतरण्याचे धाडस केले. त्यात तो आणि त्याचे काही सोबती मारले गेले. मग इंग्रजांनी ‘रिव्हेंज’ हे मोठे जहाज आणि इतर गलबते कॅप्टन केग्विन व कॅप्टन मिंचिन ह्यांच्या हाताखाली पाठविली.

१८ ऑक्टोबर १६७९ ह्या दिवशी पहाटे मराठ्यांचे आरमार दौलतखानाच्या नेतृत्वाखाली नागावकडून वेगाने चालून आले. इंग्रजांना नांगर उचलण्यासही पुरती उसंत मिळाली नाही. अल्प वेळातच इंग्रजांच्या ‘डव्ह’ नावाच्या गुराबेने निशाण उतरविले आणि ती मराठ्यांच्या हाती पडली. परंतु ‘रिव्हेंज’ने नेटाने तोफा चालविल्या, मराठ्यांच्या काही नावा निकामी केल्या आणि अखेर मराठ्यांचे आरमार पुन्हा नागावकडे परतले. म्हणजे त्या दिवसाच्या लढाईत कोणीच पूर्णपणे जिंकले नाही. इंग्रजांनी एक गुराब गमावली, तर मराठ्यांना समुद्रावरून माघार घ्यावी लागली.

मग बेट कोणाचे राहिले? ह्याचा निकाल त्या दिवशीच्या तोफांनी लावला नाही. तो त्यानंतरच्या काळोख्या रात्रींनी लावला. इंग्रजांची जहाजे मोठी आणि जड होती. त्यांना वारा अनुकूल लागे आणि खोल पाणी लागे. मराठ्यांच्या नावा अरुंद, हलक्या आणि वल्ह्यांनी चालणाऱ्या होत्या. वारा पडला, म्हणजे मोठे जहाज जागच्या जागी खिळून राही. नेमक्या अशा वेळी लहान नावा किनाऱ्याच्या उथळ पाण्यातून वल्हवीत जात आणि काळोखात बेटावर सामान उतरवून उजाडण्यापूर्वी परत येत. ह्या चपळ नावा आपल्या जहाजांच्या हाती लागत नाहीत, अशी खंत इंग्रजांच्या त्या वेळच्या पत्रव्यवहारातही आढळते. ज्यांनी त्या नावा हाकल्या, त्या तांडेलांची आणि वल्हेकऱ्यांची नावे इतिहासात नोंदलेली नाहीत. शिडावर दिवा नाही, तोंडातून शब्द नाही, समोर शत्रूच्या तोफा आणि होडीत दगडांचे ओझे. अशा स्थितीत त्यांनी एकेक खेप पार पाडली. खांदेरीच्या तटाचा प्रत्येक दगड अशा एखाद्या खेपेतून आला आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

नोव्हेंबरात सिद्दी कासीम आपले आरमार घेऊन इंग्रजांच्या मदतीस आला. दोन आरमारे एकत्र झाली; तरीही खांदेरी पडली नाही. तेव्हा सिद्दीने वेगळा डाव टाकला. १६८० च्या जानेवारीत त्याने शेजारची उंदेरी बळकावली आणि तिच्यावर आपल्या तोफा चढविल्या. दौलतखानाने उंदेरीवर चाल केली. परंतु ती यशस्वी झाली नाही. इकडे इंग्रज ह्या खर्चिक नाकेबंदीला कंटाळले होते. त्यांनी मराठ्यांशी तह करून आपली गलबते काढून घेतली आणि खांदेरी मराठ्यांकडे राहिली. पुढे लवकरच, ३ एप्रिल १६८० रोजी, शिवाजी महाराज रायगडावर निवर्तले. त्यांच्या हयातीतील अगदी अखेरच्या मोहिमांपैकी खांदेरीची ही मोहीम होय.

अशा रीतीने खांदेरी मराठ्यांची आणि उंदेरी सिद्दीची झाली. दोन शेजारची बेटे परस्परांवर तोफा रोखून उभी राहिली. ह्या वैराची झळ कोणाला लागली असेल, तर ती मुख्यतः थळसारख्या गावांना. जाळे टाकण्यास होडी पाण्यात लोटावी, तर कोणत्या बेटावरून गोळा येईल ह्याचा नेम नाही. थळच्या किनाऱ्यावर खूबलढा नावाचा एक लहान किल्ला होता. त्याचे आता थोडेसे अवशेष उरले आहेत. नावावरूनच त्या किनाऱ्याने काय सोसले असेल, ह्याची कल्पना येते. उंदेरी घेण्याचे मराठ्यांचे अनेक प्रयत्न फसले. अखेर १७६० साली ती त्यांच्या हाती आली आणि तिचे नाव जयदुर्ग असे ठेवण्यात आले.

मधल्या काळात खांदेरीला एक समर्थ धनी लाभला होता. सरखेल कान्होजी आंग्रे हे त्याचे नाव. कान्होजींनी कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग ह्या जलदुर्गांच्या बळावर पश्चिम किनाऱ्यावर दरारा बसविला. त्यांचा परवाना घेतल्याशिवाय ह्या समुद्रातून व्यापारी गलबतांनी जाऊ नये, असा त्यांचा दंडक होता. तो इंग्रजांस मानवणे शक्यच नव्हते. १७१८ साली मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून ह्याने खांदेरीवर मोठी चढाई केली. परंतु त्याला हात हलवीत परत जावे लागले. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज ह्यांनी एकत्र येऊन कुलाब्यावर स्वारी केली, तीही फसली. १७२९ मध्ये कान्होजी मरण पावले. त्यांची समाधी अलिबागेत आहे. पुढे काळ फिरला. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि १८४० मध्ये आंग्र्यांचे कुलाबा संस्थानही इंग्रजांनी खालसा केले.

आता खांदेरीच्या आसपासचा प्रदेश थोडा पाहू. उत्तरेकडून निघालो, तर मांडवा, सासवणे, आवास, किहीम, नवगाव, थळ, वरसोली आणि अलिबाग अशी गावांची माळ किनाऱ्याने ओवलेली आहे. मांडव्यास मुंबईच्या बोटी लागतात; २०२० पासून तर मोटारगाड्यांसह माणसे नेणारी मोठी बोटही मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून येथे येऊ लागली. सासवणे हे प्रसिद्ध शिल्पकार नानासाहेब करमरकर ह्यांचे गाव. पुण्यास १९२८ साली उभारलेला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांनीच घडविला. सासवण्यास त्यांच्या राहत्या घरी त्यांच्या शिल्पांचे संग्रहालय आहे. किहीमला थोर पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली ह्यांनी सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीचे बारकाईने निरीक्षण केले होते. थळजवळ खताचा मोठा कारखाना आहे. १९८५ च्या सुमारास त्याचे उत्पादन सुरू झाले. एका बाजूस त्याच्या उंच चिमण्या आणि दुसऱ्या बाजूस सतराव्या शतकातील तट, असे दृश्य थळच्या किनाऱ्यावरून एकाच वेळी दिसते.

अलिबागेसमोर कुलाब्याचा किल्ला आहे. १६८० साली त्याच्या बांधणीस आरंभ झाला आणि संभाजी महाराजांच्या काळात ती पुरी झाली. त्याच्या तटाचे प्रचंड चिरे चुन्यावाचून एकावर एक रचलेले आहेत. लाटेचे पाणी चिऱ्यांच्या फटींतून आत शिरते आणि तसेच निथळून जाते; त्यामुळे लाटेचा जोर तटावर साचत नाही. आत सिद्धिविनायकाचे मंदिर आणि गोड्या पाण्याचा तलाव आहे. ओहोटीच्या वेळी ह्या किल्ल्यात पायी जाता येते. परंतु भरती येण्यापूर्वी परतले पाहिजे, नाही तर पुढल्या ओहोटीपर्यंत तेथेच अडकून पडावे लागते.

ही भरतीची वेळ समजावी कशी? ह्यासाठी कोकणातील लोकांपाशी एक साधा आडाखा आहे. त्या दिवशीच्या तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी. जो आकडा येईल, त्या सुमारास पूर्ण भरती असते. उदाहरणार्थ, चतुर्थीच्या दिवशी चाराची पाऊणपट म्हणजे तीन; तेव्हा दुपारी आणि रात्री तीनच्या सुमारास भरती. त्यानंतर सहा तासांनी, म्हणजे नऊच्या सुमारास, ओहोटी. भरती-ओहोटी मुख्यतः चंद्राच्या आकर्षणाने होते आणि चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो. म्हणून भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते. ही पन्नास मिनिटे म्हणजे जवळजवळ पाऊण तास. आडाख्यातील पाऊणपट आली ती येथून. पौर्णिमा आणि अमावास्या ह्या सुमारास चंद्र व सूर्य ह्यांचे आकर्षण एकाच रेषेत येते. तेव्हा भरती मोठी होते, तिला उधाणाची भरती म्हणतात. अष्टमीच्या सुमारास ती मंद असते, तिला भांगाची भरती म्हणतात. खांदेरीवर रात्रीच्या अंधारात नावा नेणाऱ्या तांडेलांपाशी घड्याळ नव्हते. त्यांचे घड्याळ आकाशात होते.

अलिबागेस चुंबकीय वेधशाळाही आहे. पृथ्वी हा एक मोठा चुंबक आहे आणि तिच्या चुंबकत्वात सूक्ष्म बदल होत असतात. ते मोजण्याचे काम पूर्वी मुंबईतील कुलाब्यास होत असे. परंतु मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले, तेव्हा त्यांच्या विजेने ह्या नाजूक उपकरणांच्या नोंदी बिघडतील असे दिसून आले. म्हणून १९०४ साली वेधशाळा अलिबागेस हलविण्यात आली. मुंबईपासून जवळ असूनही तिच्या गजबजाटापासून दूर, हा ह्या किनाऱ्याचा गुण शास्त्रज्ञांच्याही उपयोगी पडला. अलिबागेच्या दक्षिणेस आक्षी गाव आहे. तेथील शिलालेख शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२ मधील मानला जातो. तसे असेल, तर आपल्या मराठी भाषेच्या अगदी पहिल्या कोरीव लेखांत त्याची गणना होते. त्याच्या पुढे नागाव, चौल आणि रेवदंडा. चौल हे फार प्राचीन काळापासून दूरदूरच्या व्यापाऱ्यांना ठाऊक असलेले बंदर होते. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी ह्याच बंदरात उतरून हिंदुस्थानात आला होता.

एवढे फिरून आपण पुन्हा खांदेरीकडे वळू. लढायांचे दिवस सरले, तरी ह्या बेटाचे काम संपले नाही. ते केवळ बदलले. मुंबईचा व्यापार वाढला, जहाजे वाढली, आणि रात्रीच्या वेळी खडकांवर आपटून जहाजे फुटण्याचे भयही वाढले. जी जागा जहाजांवर तोफा डागण्यास सोयीची, तीच त्यांना सावध करण्यासही सोयीची ठरली. १८६७ साली खांदेरीच्या टेकडीवर अष्टकोनी मनोऱ्याचे दीपगृह उभे राहिले.

दीपगृहाचा दिवा आपण समजतो तेवढा मोठा नसतो. त्याचे सामर्थ्य त्याच्या भिंगात असते. साध्या दिव्याचा प्रकाश सर्व बाजूंस पसरतो आणि थोड्याच अंतरावर विरून जातो. फ्रान्समधील फ्रेनेल नावाच्या शास्त्रज्ञाने १८२० नंतरच्या काळात काचेच्या अनेक कड्या एकाभोवती एक अशा रीतीने बसविल्या, की विखुरणारे किरण वळून एका सरळ झोतात गोळा व्हावेत. असा झोत समुद्रावर कित्येक किलोमीटर पोहोचतो. भिंग फिरत असल्याने दुरून पाहणाऱ्याला प्रकाश ठरावीक अंतराने चमकल्यासारखा दिसतो. प्रत्येक दीपगृहाच्या चमकण्याची रीत वेगळी असते. नावाडी चमक मोजतो, मधले सेकंद मोजतो आणि पुस्तकात पाहून आपण कोठे आहोत हे ओळखतो. अशा रीतीने अंधारातही प्रत्येक दिवा जणू आपले नाव उच्चारीत असतो. १९९८ मध्ये ह्या बेटास कान्होजी आंग्रे ह्यांचे नाव देण्यात आले. ज्यांच्या नावाने एके काळी परकी जहाजे धास्तावत, त्यांच्याच नावाचा दिवा आता सर्व देशांच्या जहाजांना वाट दाखवितो, हा काळाचा मोठा मनोज्ञ खेळ आहे.

११ जुलै २०२५ रोजी खांदेरीच्या इतिहासात आणखी एक दिवस नोंदला गेला. संयुक्त राष्ट्रांच्या युनेस्को ह्या संस्थेने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारसास्थळांच्या यादीत समावेश केला. त्यांपैकी अकरा किल्ले महाराष्ट्रात आणि एक, जिंजी, तामिळनाडूत आहे. रायगड, राजगड, प्रतापगड, शिवनेरी, पन्हाळा अशा नामवंत गडांच्या पंक्तीला सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग ह्यांच्याबरोबर खांदेरीलाही स्थान मिळाले. नकाशातील सुईच्या टोकाएवढी खूण जगाच्या यादीत जाऊन बसली.

परंतु यादीत नाव लागल्याने तट आपोआप उभा राहात नाही. समुद्राची लाट रोज त्याच्यावर आदळते. वडापिंपळाची रोपे सांध्यांत मुळे रोवतात आणि चिरे हळूहळू सुटे होतात. ह्यांवर जाणत्या माणसांच्या देखरेखीने उपाय करता येतात. खरे दुःख वेगळेच आहे. मुलूख ज्यांनी राखला, त्यांच्या तटावर कोणी खिळ्याने आपले नाव कोरतो. ज्या टाक्यांतील थेंब-थेंब पाण्यावर शिबंदीने दिवस काढले, त्या टाक्यांत कोणी प्लॅस्टिकच्या बाटल्या भिरकावतो. लाटेला समज नाही, आपल्याला आहे.

तुम्ही कधी थळच्या किनाऱ्यावर गेलात, तर संध्याकाळपर्यंत थांबा. सूर्य बेटांच्या पलीकडे बुडतो. प्रथम उंदेरी अंधारात मिसळते, मग खांदेरीच्या टेकड्याही दिसेनाशा होतात. थोड्या वेळाने त्या काळोखातून एक प्रकाशाची चमक येते, मावळते आणि ठरल्या वेळी पुन्हा येते. मासेमारीस निघालेल्या होडीतला तांडेल तिच्याकडे एकवार पाहतो आणि सुकाणू वळवितो. साडेतीनशे वर्षांपूर्वी ह्याच पाण्यातून, एकही दिवा न लावता, दगडांनी भरलेल्या होड्या गेल्या होत्या. त्या काळोखातील माणसांची आठवण ठेवून ह्या उजेडाकडे पाहिले, तर खांदेरी एवढीशी असूनही एवढी मोठी का, हे कोणी वेगळे सांगावे लागणार नाही.